मदतीची वर्दी मिळाल्यानंतरची गोष्ट मालिकेत दिसावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात एका मराठी वाहिनीवरील मालिकेत अपघाताचा प्रसंग सलग चार भाग चालला. नायिकेला मोटारीची धडक बसते, ती रस्त्यावर बेशुद्ध पडते, नायक धावत येऊन तिला दोन्ही हातांवर उचलतो, रुग्णालयातील मॉनिटरवरची रेषा सरळ होते, डॉक्टर छातीला विजेचा झटका देतात आणि घरी देवापुढची समई विझता विझता पुन्हा तेवू लागते त्याच क्षणी ती डोळे उघडते. आमच्या घरातील सर्वांनी हे भाग पाहिले, मीही पाहिले. मी कोल्हापुरातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात २६ वर्षे परिचारिका म्हणून काम करून २०१८ मध्ये निवृत्त झाले. त्यामुळे हे पाहताना, संकटात धावून जाणाऱ्या माणसांचे काम मालिकेत कसे दिसावे याबद्दल जे मनात आले ते आपल्या वाचकांपुढे, आणि जमल्यास मालिका लिहिणाऱ्यांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रसंगातील चुका मोजून दाखवणे हा माझा हेतू नाही. नाट्यात थोडी सूट घ्यावी लागते, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की खरे काम बाजूला सारल्यामुळे येथे नाट्यच हातचे गेले. अपघातात पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा मणक्याला इजा झालेली असू शकते, म्हणून जागेवर दुसरा धोका नसेल तर त्याला असे उचलायचे नसते. हे ठाऊक असलेला नायक काय करील, याची कल्पना करून पाहावी. तो रस्त्यावर गुडघे टेकून बसेल, तिचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरील आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तसाच राहील. मागे हॉर्न वाजत असतील, गर्दीतील प्रत्येक जण ‘अहो, रिक्षात घाला की’ म्हणत असेल, तिची आई त्याचा खांदा धरून हलवत असेल, आणि ज्याचा तिच्यावर एवढा जीव आहे त्याला हात न हलवता थांबावे लागेल. त्याने तिला उचलून पळण्यापेक्षा हे पाहणे मला कितीतरी अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

विजेच्या झटक्याचेही तसेच आहे. हृदय विस्कळीत थरथरत असेल तेव्हा झटका देतात. रेषा सरळ झाली असेल तर त्याचा उपयोग नसतो, तेव्हा छाती दाबत राहणे आणि इंजेक्शन देणे एवढेच हाती असते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाबायचे असते. धडधाकट माणूसही दोन मिनिटांत थकतो, म्हणून दुसरा तयार उभा असतो, मोजणी मोठ्याने चालते आणि हाताखाली कधी कधी बरगडी मोडल्याचे कळते, तरीही थांबायचे नसते. शेवटी कोणीतरी एकाने घड्याळाकडे पाहून ‘थांबा’ म्हणायचे असते. तो शब्द उच्चारणाऱ्या डॉक्टरांचे चेहरे मला आजही आठवतात. हे कोणत्याही मालिकेत मी नीट पाहिलेले नाही.

याचा परिणाम पडद्यापुरता राहत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात अमेरिकेतील तीन दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील हृदय बंद पडल्यानंतरच्या उपचारांचे ६० प्रसंग तपासले गेले. त्यांपैकी ७५ टक्के रुग्ण त्या वेळी वाचले आणि ६७ टक्के बरे होऊन घरी गेले, असे दाखवले होते. प्रत्यक्षातले प्रमाण याच्या आसपासही नसते. ‘सिस्टर, ते करंट देतात ते द्या की’ असे हात जोडून सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांना ती आशा पडद्याने दिलेली होती आणि ती मोडण्याचे काम आमच्या वाट्याला येत होते.

तर मग अशी मालिका पाहणाऱ्याला कशाने धरून ठेवते? माझ्या पुतण्याने मला काही परदेशी मालिका मोबाइलवर शोधून दिल्या. त्यांतील सर्वांत जुनी, जानेवारी १९७२ मध्ये सुरू झालेली ‘इमर्जन्सी’ ही अमेरिकन मालिका मला सर्वांत जवळची वाटली. लॉस एंजेलिस परगण्याच्या अग्निशमन दलातील दोन पॅरामेडिक हे तिचे नायक आहेत. त्या काळी घटनास्थळीच उपचार सुरू करणारी अशी पथके अमेरिकेतही मोजकीच होती. मालिकेतील प्रसंग अग्निशमन केंद्रांच्या प्रत्यक्ष नोंदवह्यांवर बेतलेले असावेत, असा तिच्या निर्मात्यांचा आग्रह होता. प्रत्येक भागात हे दोघे रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वास पाहतात, रेडिओवरून रुग्णालयातील डॉक्टरांना सांगतात आणि डॉक्टर सांगतील तेवढेच करतात. माझे इंग्रजी बेताचे असूनही चार-पाच भागांनंतर मला त्यांच्या कामाचा क्रम पाठ झाला, आणि मग जेव्हा रेडिओ लागेना तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. खासबागेत कुस्ती पाहणाऱ्याला घिस्सा कोणता, ढाक कोणती हे कळत असते, म्हणून मल्लाने हात घालताच पाहणाऱ्याचेही अंग आवळते; ज्याला डाव कळत नाही त्याला केवळ दोन माणसांची झटापट दिसते. मालिकेने प्रेक्षकाला आधी डाव शिकवला पाहिजे. काम कसे चालते हे एकदा कळले की ते कोठे बिघडले हे सांगायला ढोल-ताशांच्या पार्श्वसंगीताची गरज उरत नाही.

बीबीसीची ‘कॅज्युअल्टी’ १९८६ पासून चालू आहे. तिची रीत वेगळी आहे. भागाच्या आरंभी साधी माणसे आपापल्या घरी, कामावर दिसतात आणि यांपैकी कोणावर काय ओढवणार, याचा अंदाज आपण धास्तावून बांधत राहतो. आपल्याकडेही दूरदर्शनच्या काळात, नव्वदच्या दशकाच्या आरंभी, विजया मेहता यांनी रुग्णालयातील माणसांवर मालिका केली होती. त्यानंतर मराठीत पोलिसांवर मालिका झाल्या आणि चालल्याही. परंतु बंब घेऊन जाणारे, रुग्णवाहिका चालवणारे, पुरात बोट घालणारे मात्र कथेच्या कडेलाच राहिले. ते दारातून आत येतात, कोणाला तरी उचलतात आणि चौकटीबाहेर जातात.

वास्तविक त्यांच्या कामात नाट्य पहिल्या फोनपासूनच सुरू होते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यात डॉक्टर असतात आणि चालकाला पायलट म्हणतात. कोल्हापुरातून केलेला फोन पुण्यातील नियंत्रण कक्षात घेतला जात असे. आता आपल्या शहरातील माणूस पत्ता कसा सांगतो ते आठवावे. ‘तालमीच्या मागं, पिंपळाच्या पाराजवळ, बोळातनं आत या’ असे तो सांगतो, कारण जन्मापासून त्याला तो पत्ता तसाच ठाऊक असतो. पलीकडे बसलेल्या मुलीने ती तालीम पाहिलेली नसते. तिला त्या रडणाऱ्या माणसाकडून रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, एवढे तरी काढून घ्यायचे असते आणि आवाज चढू द्यायचा नसतो. दोन माणसे, एक फोन आणि एक न सापडणारा बोळ, एवढ्यावर अख्खा भाग उभा राहू शकतो, आणि त्याला खर्चही फारसा येणार नाही.

या माणसांच्या कामातील एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांना शेवट कळत नाही. गळीत हंगामातील एका रात्री, दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आणला गेला. मी त्याला आत घेतले, कागद झाले, पुढची धावपळ सुरू झाली. तासाभराने काही कामासाठी मागच्या बाजूला गेले तेव्हा रुग्णवाहिकेचे पायलट नळाखाली स्ट्रेचर धूत होते. पट्ट्यांच्या बकलांमध्ये अडकलेले रक्त ते जुन्या दातब्रशने काढत होते. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, ‘सिस्टर, त्या पोराचं कसं हाय?’ मी सांगितले की त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवले आहे, पुढचे मला माहीत नाही. पुढच्या आठवडाभरात ते तीनदा रुग्ण घेऊन आले आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच विचारले. चौथ्यांदा आले तेव्हा विचारले नाही. त्या मुलाचे काय झाले, हे मला आजही ठाऊक नाही.

आपल्या मालिकांना शेवट पुढे ढकलण्याची सवय आहे, पण तेथे प्रेक्षकाला खात्री असते की आज ना उद्या सर्व उलगडेल. येथे उलगडतच नाही. एका माणसाच्या आयुष्यातील सर्वांत वाईट वीस मिनिटे या लोकांच्या हातात येतात. त्या आधीचा माणूस त्यांना माहीत नसतो आणि नंतरचाही कळत नाही. अशा कितीतरी अर्धवट गोष्टी मनात घेऊन एखादा मनुष्य घरी जेवायला बसतो तेव्हा तो काय बोलतो आणि काय गिळून टाकतो, हे लिहिणारा लेखक मराठीत नक्कीच आहे. त्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

आमच्या गल्लीत महापालिकेच्या अग्निशमन दलातील एक जवान राहतात. आग लागल्याचा फोन आला की ते ‘वर्दी आली’ म्हणतात. त्यांच्याकडून मला कळलेल्या दोन गोष्टी सांगते. बंबाची टाकी साधारणपणे साडेचार ते पाच हजार लिटरची असते आणि पूर्ण दाबाने मारा केला तर ती दहा-पंधरा मिनिटांत संपते. म्हणजे आगीपुढे उभा राहिलेला माणूस ज्वाळांकडे बघताना मागच्या पाण्याचाही हिशेब करत असतो आणि दुसरा बंब चिंचोळ्या पेठेतून, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमधून, वाट काढत असतो. दुसरी गोष्ट श्वसनसंचाची, ज्याला ते बी. ए. सेट म्हणतात. पाठीवरच्या नळकांड्यातील हवा काम करताना अर्ध्या तासाच्या आतबाहेर पुरते, आणि ती संपत आली की त्या संचाची शिटी आपोआप वाजू लागते. धुराने भरलेल्या खोलीत स्वतःचा हात दिसत नाही, आतून कोणीतरी खोकल्याचा आवाज आल्यासारखा वाटतो, आणि पाठीवर शिटी सुरू होते. परत फिरायचे असते, तसा नियमच आहे. याहून बोलके पार्श्वसंगीत कोणता संगीतकार देणार आहे?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा पेठेतील इतरांबरोबर मीही तेथे जाऊन उभी होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली ती वास्तू जळत होती आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. पुरुष माणसे उघड रडत होती. हजारो मोबाइल ज्वाळांकडे रोखलेले होते. मी पाहिले ते थोडे कडेला होते. एक तरुण जवान हेल्मेट काढून बंबाच्या पायरीवर बसला होता, एका मुलीने त्याला पाण्याची बाटली दिली, त्याने ती प्यायली नाही, डोळ्यांवर ओतली आणि पुन्हा आत गेला. ज्वाळा खाली बसल्यावर गर्दी पांगली. परंतु लाकूडकामाची आग आतून धुमसत राहते, ढिगारे उपसून पुन्हा पुन्हा पाणी मारावे लागते, आणि ते काम पाहायला कोणी थांबलेले नसते. मालिकेने थांबावे.

महापुराबद्दल तर कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपण सारेच दर तासाला मोबाइलवर हा आकडा पाहतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी भरले की आपोआप उघडतात, त्यांना कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही, आणि ‘किती दरवाजे उघडले’ हे कळल्यावर पाणी शहराजवळ पोहोचेपर्यंत काही तास मिळतात. फूट आणि इंचांनी वाढत जाणारा असा ताण कोणत्याही पटकथाकाराला आयता मिळालेला आहे. तो पडद्यावर आणायचा तर हेलिकॉप्टरची दृश्ये लागत नाहीत, बंधाऱ्यावरची मोजपट्टी आणि ती वाचणारा माणूस पुरे.

त्या महापुरात मी एका निवारा केंद्रावर स्वयंसेवक म्हणून काम करत होते. चिखली भागातून आलेल्या एका बोटीतून एक आजी उतरल्या. त्यांच्या मुठीत दावे होते, कापलेले. पायाला जखम होती म्हणून मी त्यांना बसवले, पण त्या मूठ उघडीनात. बरोबर आलेल्या जवानाने हळू आवाजात सांगितले की म्हशी सोडल्याशिवाय येणार नाही म्हणून आजी गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांनी चारही दावी स्वतः कापेपर्यंत बोट थांबवून ठेवली होती. किती वेळ, असे मी विचारले. वीस मिनिटे, तो म्हणाला, आणि मग स्वतःशीच बोलावे तसे पुढे म्हणाला की पलीकडच्या स्लॅबवर अकरा माणसे होती.

ती अकराही माणसे नंतर सुखरूप आली. तरीही त्या वीस मिनिटांचा निर्णय बरोबर की चूक, हे मला सांगता येणार नाही, आणि बहुधा त्यालाही नाही. बोट निघून गेली असती तर आजी आल्याच नसत्या. प्रेक्षकाला खिळवून ठेवणारी खरी जागा मला ही वाटते. आपल्या नायकांना सहसा असा पेच पडत नाही. ते वरिष्ठांचा हुकूम मोडतात, एकटे उडी घेतात आणि प्रत्येक वेळी तेच बरोबर ठरतात. बचावाच्या कामात याच्या नेमके उलट शिकवतात: आधी स्वतः सुरक्षित राहा, कारण वाचवणाराच बुडाला तर तो कोणालाच वाचवू शकत नाही. त्याच महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटली आणि घरेच्या घरे उघडी पडली. त्यानंतर बोटीच्या कडेला धरलेला हात सोडवून ‘आता आणखी नाही, पुढच्या फेरीला’ असे म्हणणाऱ्याच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. उडी घेण्यापेक्षा तो नकार अवघड असतो. एखाद्या चांगल्या नटाला तो एक शब्द उच्चारायला मिळाला तर तो प्रसंग वर्षानुवर्षे लोकांच्या लक्षात राहील.

मराठी प्रेक्षकाला घर लागते, कुटुंब लागते, असे वाहिन्यांचे म्हणणे असते आणि ते खोटे नाही. मलाही लागते. परंतु ते घर कामाच्या वाटेने यावे. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला सकाळी झोपू द्यायचे की पाहुण्यांसमोर उठवायचे, यावरून घरात होणारा अबोला मी स्वतः भोगलेला आहे. नवऱ्याने फोन उचलला नाही की बायको बातम्यांची वाहिनी लावत नाही, उलट बंद करते. आमच्या शेजारच्या वहिनी तसेच करतात. कट-कारस्थाने न आणताही घरात पुरेसे घडत असते.

भाषेबद्दलही एक विनंती आहे. ही माणसे आमच्याकडची असतील तर ती आमच्यासारखी बोलावीत, मात्र कोल्हापुरी बोली आली की विनोद आलाच पाहिजे, असे समजू नये. सर्वांत कठीण प्रसंगी आमच्याकडे धीर याच बोलीत दिला जातो.

रोज एक भाग देण्याच्या घाईत हे होणार नाही, याची मला जाणीव आहे. पूर्वी दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका असत. तेवढेच भाग, आठवड्याला एक, असे कोणी का करू नये? बाबूराव पेंटरांच्या या गावात, जेथे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तेथे चित्रनगरी आहे, रंगभूमीवर तयार झालेले नट आहेत, आणि ज्यांना स्वतःच्या कामाची गोष्ट कधी कोणी विचारलेली नाही अशी पुष्कळ माणसे आहेत. लेखकाने त्यांच्याकडे यावे. मुलाखत घेऊन परतण्यापेक्षा एखादी पूर्ण पाळी त्यांच्याबरोबर बसावे, वर्दी न येणारे लांबलचक तासही पाहावेत, कारण त्या तासांत होज वाळत घालणे, बी. ए. सेटचा दाब तपासणे आणि एकमेकांना चिडवणे चालते आणि माणसे खरी तेव्हाच कळतात. रात्र निवडायची तर लक्ष्मीपूजनाची निवडावी. आमचे शेजारी सांगतात की त्या संध्याकाळी केंद्राच्या दारात जवान पणत्यांची ओळ लावतात, घरून आलेला फराळ टेबलावर उघडतात, आणि पहिली वर्दी बहुतेक वेळा पणत्यांतील तेल संपण्याआधीच येते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर